वाचकांचे प्रश्न : बारोलो, जुनी पिंपं आणि उतरलेला रंग

मागच्या अंकात इटलीतल्या पिएमोंते प्रांताच्या बारोलो या लाल वाईनची आणि ती जुन्या पद्धतीने करणाऱ्या छोट्या घराण्यांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : एका कार्यक्रमात आठ वर्षांची बारोलो चाखली. रंग इतका फिका, की ग्लासामागची बोटं दिसत होती. आमच्याकडच्या दोन वर्षांच्या शिराझपुढे ती पाणी घातल्यासारखी वाटली. मग तोंडात एवढी तुरट का लागली? — द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

रंग आणि तुरटपणा ही दोन वेगळी खाती आहेत. बारोलो फक्त नेब्योलो या एकाच जातीच्या द्राक्षांची करतात. दुसऱ्या जातीचा थेंबही मिसळायला नियमाने परवानगी नाही. या जातीच्या सालीत पिओनिडिन आणि सायनिडिन या गटातली रंगद्रव्यं जास्त असतात आणि ती प्राणवायू लागला की लवकर मोडतात. शिराझ, काबर्ने या जातींत माल्विडिन या रंगद्रव्याचा भरणा असतो, ते टिकाऊ. त्यामुळे नेब्योलोचा रंग मुळात कमी आणि पुढे उतरतोही लवकर. तुरटपणा आणणारं टॅनिन मात्र सालीत आणि बियांत भरपूर, शिवाय आम्लताही तीक्ष्ण. तरुण बारोलो हिरड्यांना खेचते, ती या दोहोंमुळे.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कड पाहा. आठ-दहा वर्षांच्या बाटलीत मधोमध डाळिंबी लाल आणि कडेला विटकरी छटा दिसली, तर सगळं ठीक आहे. उलट बारोलो शाईसारखी काळी-जांभळी दिसली, तर आम्ही आधी लेबल पुन्हा वाचू.

प्रश्न : जुन्या पद्धतीत नेमकं काय करतात, ते क्रमाने सांगाल का? मोठी पिंपं आणि छोटी पिंपं यांवरून तिकडे एवढं रण का माजलं होतं? — अभियंता, पुणे. आणि याच आशयाची आणखी तीन पत्रं

खुडा ऑक्टोबरात, हाताने. नियमाने हेक्टरी ८ टन द्राक्षं, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आसपास, हीच कमाल मर्यादा. एकरी दहा टन खायची द्राक्षं काढणाऱ्या आपल्या बागायतदारांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण नेब्योलोच्या वेलीवर घड जास्त ठेवले, तर साखर येते आणि बिया हिरव्याच राहतात. अशा बियांचा कडवटपणा पुढे कितीही वर्षं थांबलं तरी जात नाही.

देठ काढून मणी हलके फोडतात आणि साल-बियांसकट रस टाकीत जातो. टाकी सिमेंटची, उभ्या लाकडी पिंपाची किंवा स्टीलची. जुन्या घरांत विकतचं यीस्ट बहुधा घालत नाहीत. सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवर काम चालतं. दोन-तीन दिवसांत रस आंबायला लागतो, वायू सुटतो आणि साली वर तरंगून जाड थर धरतात. दिवसातून एक-दोनदा तळाचा रस पंपाने काढून या थरावर सोडतात. न सोडला तर थर वरून सुकतो, त्यावर आम्ल करणारे जिवाणू बसतात आणि व्हिनेगरचा वास शिरतो. तापमान ३० अंशांच्या आगेमागे ठेवायचं. ३५च्या वर गेलं तर यीस्ट मरतं, साखर अर्धवट राहते आणि अडकलेली टाकी पुन्हा चालू करणं ही तळघरातली सगळ्यांत कटकटीची कामगिरी.

आधुनिक कारखाना इथे, आठ-दहा दिवसांत, साली काढून टाकेल. जुन्या पद्धतीचा माणूस इथे थांबतो. साखर संपली, वायू सुटणं थांबलं, म्हणजे सालींवरचं वायूचं पांघरूणही गेलं. म्हणून टाकीच्या तोंडाच्या आत लाकडी पट्ट्या आडव्या अडकवतात, साली त्यांच्याखाली दाबून धरतात आणि वरून टाकी वाईनने काठोकाठ भरतात. अशा बुडवलेल्या साली आणखी दोन ते चार आठवडे तशाच राहतात. वेर्दुनो गावातलं बुर्लोत्तो हे घराणं आपल्या मोनविलिएरो मळ्याची द्राक्षं देठांसकट पायाने तुडवतं आणि साली सुमारे ६० दिवस ठेवतं. गंमत अशी, की इतके दिवस भिजवूनही वाईन अधिक गडद होत नाही. रंग पहिल्या आठवड्यातच येऊन जातो, उलट थोडा परतही जातो. या मुक्कामात वाढतं ते टॅनिन, आणि नुसतं वाढत नाही तर त्याच्या साखळ्या लांब होत जातात. लांब साखळीचं टॅनिन तोंडात कमी ओरबाडतं.

मग वाईन खालून काढून घेतात आणि चोथा हलक्या हाताने दाबतात. यानंतर द्राक्षातल्या तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होतं. थंड तळघरात हे हिवाळाभर अडून राहून वसंतात सुरू झालं, तर घाबरायचं काही नाही.

आता पिंपं. बोत्ते म्हणजे जुनं मोठं पिंप, बहुधा क्रोएशियातल्या स्लावोनिया भागातल्या ओकचं, २,००० ते ५,००० लिटरचं, कुठे त्याहूनही मोठं. बॅरिक म्हणजे २२५ लिटरचं फ्रेंच पिंप. आकार सारखाच धरला, तर ३,००० लिटरच्या पिंपात दर लिटर वाईनला लाकडाचा जो पृष्ठभाग लागतो, तो बॅरिकच्या जेमतेम ४० टक्के. शिवाय मोठ्या पिंपाच्या फळ्याही जाड. म्हणजे प्राणवायू थोडा-थोडा, बेताने आत येतो. आणि पिंप वीस-तीस वर्षं वापरलेलं असेल, तर लाकडाची स्वतःची चव कधीच संपलेली असते. बॅरिक नवं असलं, की व्हॅनिला आणि भाजक्या लाकडाचा वास वाईनवर चढतो, टॅनिन लवकर मऊ होतं, रंगही पक्का बसतो. बाटली लवकर प्यायला तयार आणि परदेशी समीक्षक खूश. गुलाब, वाळलेल्या चेरी, डांबर असे नेब्योलोचे नाजूक वास मात्र त्याखाली दबतात.

रण माजलं ते यावरून. ला मोरा गावच्या एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये वडिलांची मोठी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. हे नंतर 'आधुनिक' गटाचं प्रतीकच झालं. पलीकडच्या बाजूला बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो. १९१९ मध्ये त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं हे घर, जमीन सुमारे ५ हेक्टर. बार्तोलोंनी आपल्या १९९९च्या वाईनच्या काही बाटल्यांवर स्वतः रंगवलेलं लेबल लावलं : 'बॅरिक नको, बेर्लुस्कोनी नको.' बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीतले तेव्हाचे बडे राजकारणी. २००५ मध्ये ते वारले. आता कन्या मारिया तेरेसा तेच काम त्याच रीतीने चालवतात. कानुबी, सान लोरेंझो, रुए आणि ला मोरातलं रोक्के या चार तुकड्यांची द्राक्षं एकत्र करूनच त्यांची एकमेव बारोलो होते. सगळीकडे एकेका मळ्याचं नाव लेबलावर मिरवण्याची पद्धत पडली असताना हा हट्ट आम्हाला फार आवडतो. उन्हाळा कडक गेला तर थंड उताराची द्राक्षं सांभाळून घेतात, पावसाळी गेला तर उबदार उताराची; जुने लोक मिश्रण करत ते याच हिशेबाने.

नियम असा : खुड्याच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, त्यांतले १८ लाकडात. रिझेर्वा म्हणायची असेल तर ६२ महिने. म्हणजे २०२१ची साधी बारोलो जानेवारी २०२५ पूर्वी विकताच येत नाही. जुनी घरं लाकडात तीन वर्षं सहज ठेवतात.

एका वाचकाने विचारलं आहे, की जुनं पिंप म्हणजे जुनी घाण नव्हे का? होऊ शकते. फळ्यांच्या सांध्यांत ब्रेट नावाचं यीस्ट घर करतं आणि वाईनला तबेल्याचा, ओल्या चामड्याचा वास येतो. म्हणून रिकामं पिंप आतून खरवडतात, गरम पाण्याने किंवा वाफेने धुतात, गंधक जाळतात आणि ते फार दिवस कोरडं ठेवत नाहीत. फळ्या आक्रसल्या की पिंप गळू लागतं. भरलेल्या पिंपातूनही वाईन उडत राहते, म्हणून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी वरून भर घालावी लागते. ही भर चुकली की वरच्या रिकाम्या जागेत व्हिनेगरची सुरुवात. तबेल्याच्या वासाला 'परंपरेचा सुगंध' म्हणून खपवणारेही आहेत. आम्ही त्याला अस्वच्छता म्हणतो.

प्रश्न : १९९६ची बारोलो भेट मिळाली होती. तेव्हापासून ती दिवाणखान्याच्या कपाटात उभी आहे. उघडावी की तशीच ठेवावी? — नागपूर

उघडा. १९९६ हे उत्तम वर्ष, आम्लता आणि टॅनिन दोन्ही भक्कम. थंड तळघरातल्या बाटल्या आजही छान असतात. पण नागपूरच्या कपाटात तिने किती मे महिने काढले, त्यावर सगळं अवलंबून आहे.

उष्णतेने काय होतं ते पाहा. १५ अंशांची वाईन ४० अंशांवर गेली, की ७५० मिलिलीटरमागे साधारण पाच-सहा मिलिलीटर फुगते. बाटलीची मान आतून जेमतेम १८-१९ मिलिमीटर रुंद; तिथे एवढं द्रव म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर उंची. बुचाखाली तेवढी मोकळी जागा बहुधा नसते. मग बूच वर सरकतं किंवा कडेने वाईन पाझरते. रात्री गार झाली की तीच बाटली आत हवा ओढते. शिवाय उभी ठेवल्याने बूच वाळून आक्रसलेलं असणार.

म्हणून आधी तीन गोष्टी बघा. बूच तोंडाच्या वर आलंय का? झाकणाच्या पत्र्याखाली चिकट ओघळ आहे का? वाईनची पातळी मानेत आहे, की खांद्याखाली उतरली आहे? तीस वर्षांच्या बाटलीत पातळी मानेच्या तळाशी असेल तर ठीक. खांद्याच्या मध्याच्याही खाली असेल, तर अपेक्षा कमी ठेवा. शेवटी बाटलीमागे टॉर्च धरा. विटकरी-लाल असेल तर आशा आहे, चहासारखी तपकिरी असेल तर वेळ निघून गेली.

पुढच्या बाटल्यांसाठी : आडवी, अंधारात, १२ ते १४ अंशांवर, थोडा दमटपणा असलेल्या जागी. वाईनचं छोटं कपाट घेणं परवडत नसेल, तर उन्हाळ्याचे चार महिने फ्रीजचा भाजीचा कप्पा चालेल. बुचाकडचा भाग प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, कारण फ्रीजची हवा कोरडी असते. ४ अंशांवर वाईन पिकणं जवळपास थांबतं, पण बिघडत नाही. ३८ अंशांच्या कपाटापेक्षा हे केव्हाही बरं.

प्रश्न : जुनी बाटली उघडण्याची बरोबर रीत कोणती? किती वेळ आधी उघडावी, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. — मुंबई, बेळगाव आणि म्युनिक इथून आलेली पत्रं

वेगळं सांगतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळ्या वयाची बाटली असते.

दहा वर्षांच्या आतली बारोलो डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतून दोन ते चार तास ठेवा. तिला हवा हवी आहे. तुरटपणा नाहीसा होत नाही, पण बंद असलेले वास मोकळे होतात. पंचवीस-तीस वर्षांच्या बाटलीला हे कराल तर तासाभरात ती मिटेल. तिच्यासाठी आम्ही पुढची रीत सुचवतो.

दोन-तीन दिवस आधी बाटली हलक्या हाताने उभी करा. नेब्योलोचा गाळ बारीक असतो. आदल्या रात्री उभी करून तो नीट बसत नाही. हा गाळ म्हणजे एकमेकांना चिकटून जड झालेली टॅनिन आणि रंगद्रव्यं. तळाशी चमकदार खडे दिसले तर तो टार्टारिक आम्लाचा क्षार, निरुपद्रवी. काच समजून कुणी बाटली परत केल्याचं ऐकलं आहे.

बूच काढायला साधा मळसूत्री स्क्रू लावलात, तर जुनं बूच मधून तुटेल. दोन पात्यांचं हत्यार घ्या. लांब पातं आधी, बूच आणि काच यांच्या फटीत; मग आखूड. मागे-पुढे डोलवत दोन्ही खाली उतरवा आणि फिरवत वर ओढा. बूच फार सैल असेल तर पात्यांच्या दाबाने ते आतच पडेल, म्हणून आधी बोटाने दाबून पाहा. तुटलंच तर पातळ, धुतलेल्या मलमलीतून गाळा. कॉफीचा कागद नको, त्याचा वास लागतो.

आता अर्ध्या पेल्याएवढी वाईन ओता, म्हणजे पातळी मानेखाली येईल आणि हवेला थोडी जागा मिळेल. बाटली गार जागी उभी ठेवून द्या. सकाळी उघडली तर संध्याकाळी पिता येईल. ओतलेली वाईन लगेच हुंगा. सुरुवातीला कोंदट वास आला तर घाबरू नका, तासाभरात तो उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास मात्र उडत नाही, वाढतो. तो बुचातून आलेला दोष, आणि त्यावर इलाज नाही. नखांच्या पॉलिशचा झणका किंचित असेल तर जुन्या बारोलोत आम्ही तो चालवून घेतो. नाक मागे घ्यावं लागलं, तर ती बाटली गेली.

जेवायच्या थोडं आधी मानेखाली टॉर्च ठेवून एकाच धारेत, न थांबता डिकँटरमध्ये ओता. गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबा. तळाला चार-पाच सेंटिमीटर राहिली तरी राहू द्या. ग्लासात १६ ते १८ अंश हवेत. आपल्याकडचं 'खोलीचं तापमान' म्हणजे २८, आणि २८ अंशांवर फक्त अल्कोहोलच नाकात जाईल. तास-दीड तास फ्रीजमध्ये उभी ठेवून मग ओता.

प्रश्न : मुलगा तोरिनोला असतो. येताना बारोलो किती आणू शकेल? — कोथरूड

प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत शुल्क नाही. म्हणजे ७५० मिलिलीटरच्या दोन बाटल्या. सामानाच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. तरुण बाटली आठवडाभराने उघडली तरी चालेल. जुनी असेल तर ढवळलेला गाळ बसायला तीन आठवडे द्या. मोठ्या नावांच्या मागे न लागता त्याच घराण्याची 'लांगे नेब्योलो' आणायला सांगा. द्राक्ष तेच, थांबणं कमी, किंमत बरीच कमी.

प्रश्न : अकलूजकडे इटालियन जातीची द्राक्षं होतात, मग नेब्योलो का लावू नये? — माळशिरस

अकलूजला फ्रातेल्ली या वाईन कंपनीने सांजोवेजे ही इटालियन जात लावली आणि तिची चांगली लाल वाईनही निघते, हे खरं. नेब्योलो मात्र वेगळ्या स्वभावाची. पहिली अडचण छाटणीत. हिच्या काडीच्या बुडाचे दोन-तीन डोळे बहुधा वांझ असतात. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या कायम फांदीवर, दोन डोळे राखून छाटलंत तर पाला येईल, घड येणार नाहीत. आठ-दहा डोळ्यांची लांब काडी राखून ती तारेवर आडवी बांधावी लागते, दर वर्षी नवी.

दुसरी अडचण छाटणीने सुटणारी नाही. बारोलोत डोळे एप्रिलमध्ये फुटतात आणि खुडा ऑक्टोबरात. शेवटचे सहा आठवडे रात्री गार होत जातात. मणी थंडीकडे जात पिकतो. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये खुडा, म्हणजे मणी उन्हाळ्याकडे जात पिकतो. साखर पटापट चढते, मॅलिक आम्ल जळतं, पीएच वाढतो म्हणजे आम्लता उतरते आणि बियांचं टॅनिन तेवढ्या दिवसांत तयार होत नाही. उशिरा पिकणाऱ्या जातीला हे सगळ्यांत वाईट. चार ओळी हौस म्हणून लावा, एकरभर नको. आणि ती वाईन तीस लिटरच्या छोट्या पिंपात तीन वर्षं ठेवायचा विचार पत्रात आहे, तो सोडाच. एवढ्या छोट्या पिंपात दर लिटरला पृष्ठभाग बॅरिकच्याही जवळपास दुप्पट. वर्षभरात लाकूड आणि हवा दोन्ही जास्त होतील.

प्रश्न : तांबड्या रश्श्याबरोबर चालेल का? शाकाहारींनी काय करावं? — कोल्हापूर

तांबड्या रश्श्याबरोबर नाही. मिरचीने जीभ पेटली, की टॅनिन आणि १४ टक्के अल्कोहोल ती आणखी पेटवतात. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध आणि चरबी असते, तिखट बेताचं. मिरे थोडे कमी केलेत तर जमेल. तिकडे ही वाईन वाईनमध्येच मंद शिजवलेल्या बीफबरोबर, लोण्यातल्या अंड्याच्या बारीक शेवयांबरोबर किंवा कास्तेलमान्यो चीजबरोबर घेतात. शाकाहारी ताटात तुपात परतलेले मशरूम आणि मुरलेलं चीज. काही उत्पादक वाईन निवळायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात. न गाळता, न निवळता भरणारी जुनी घरं बरीच आहेत, पण नियम असेल त्यांनी विक्रेत्याला विचारून घ्यावं.

प्रश्न : अर्धी बाटली उरली तर? — ठाणे

३७५ मिलिलीटरची स्वच्छ छोटी बाटली आधीच तयार ठेवा. बाटली उघडल्याबरोबर ती काठोकाठ भरा, बूच लावा आणि फ्रीजमध्ये टाका. तरुण बारोलो तीन-चार दिवस टिकेल, दुसऱ्या दिवशी कधी कधी आधीपेक्षा बरीही लागेल. तीस वर्षांची असेल तर माणसं जास्त बोलवा.